अकरा रविवार, दोन लाल चेहरे

कसबा पेठेतल्या आमच्या बोळात त्यांना सगळे लाल डॉक्टर म्हणत. तोंडावर नव्हे, अर्थात. तोंडावर नुसतं डॉक्टर. ते त्वचारोगाचे डॉक्टर होते आणि त्यांचा स्वतःचाच चेहरा नाकापासून दोन्ही गालांपर्यंत असा लालभडक असे, की नवा पेशंट दारातच थबकायचा. "या. आधी मला बघून घ्या, मग मी तुम्हाला बघतो," असं म्हणून ते त्याला मिनिटभर खरोखरच बघू देत, आणि मग कामाला लागत.

दवाखाना म्हणजे राहत्या घराची खालची खोली. उत्तरेकडे एक खिडकी, खिडकीपाशी दोन खुर्च्या. ट्यूब होती, पण पेशंट तपासताना ती लावायची नाही. "ट्यूबच्या उजेडात सगळेच आजारी दिसतात, मी कोणाकोणाला औषध देऊ?" सकाळी दहा ते बारा खिडकीतून येईल तेवढाच उजेड, तेवढेच पेशंट. आभाळ भरून आलं की दारावर पाटी लागे: 'आज ढग आहेत. उद्या यावे.' उद्याही ढग असले तर पाटी तशीच राही. जुलैत खाज सुटलेला माणूस निमूटपणे दुसरीकडे जाई आणि डॉक्टरांना त्याचं काही वाटत नसे.

दवाखान्यात आरसा नव्हता. चहा मिळे, पण गार. उकळता चहा बशीनं झाकून वीस मिनिटं ठेवत, मग औषधासारखा पीत, आणि समोरच्यालाही तोच देत. गरम प्यायलं की चेहरा पेटतो, हे कारण त्यांच्यापुरतं ठीक होतं. पण पायाला चिखल्या झालेल्या माणसानं गार चहा का प्यावा, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. उन्हात ते जात नसत. भाजी आणायची ती पहाटे, लायब्ररीत जायचं ते दिवेलागणीला. आणि तेव्हाही काखेत छत्री.

मी त्यांच्याकडे गेलो तो घाबरून. पंचवीसेक वर्षं झाली असतील. सासवडकडचा मी, पुण्यात एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवायला लागलो होतो आणि याच बोळात एक खोली घेऊन राहत होतो. नोकरी कच्ची होती. दोन वर्षं पुरी झाली की संस्था कायम करणार किंवा नारळ देणार. त्या दुसऱ्या वर्षी माझे गाल लाल व्हायला लागले, नाकावर पुटकुळ्या आल्या. दुपारच्या तासाला तर चेहरा असा फुलायचा, की मागच्या बाकावरची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत. मग कुणा पालकाचं पत्र आलं, की सर पिऊन वर्गावर येतात. मी उभ्या जन्मात ताकाशिवाय दुसरं काही आंबट प्यायलो नव्हतो.

मुख्याध्यापक सभ्य गृहस्थ. त्यांनी सरळ विचारलं नाही. "हे परिपत्रक जरा इकडे जवळ येऊन वाचून दाखवा, माझा चष्मा घरी राहिलाय," म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशात दिसत होता. मी वाचत होतो आणि ते नाकानं श्वास घेत होते. आठवड्यातून दोनदा तरी त्यांना असं काहीतरी वाचून घ्यायचं असे.

हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी गार चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "मी एका इस्पितळात होतो. माझ्याबद्दलही असंच कोणीतरी लिहिलं. वरिष्ठांनी खुलासा मागितला."

"काय दिलात?"

"राजीनामा. तेव्हा अंगात मस्ती होती. तुम्ही असलं काही करू नका, तुमच्याकडे बोळात दवाखाना काढण्याची सोय नाही."

मग त्यांनी माझा चेहरा उजेडाकडे फिरवला आणि आजाराचं नाव सांगितलं: रोझेशिया. त्यांना स्वतःला वीस वर्षांपासून होता तोच. "पुस्तकात लिहितात, हा गोऱ्या लोकांचा आजार. आपल्याकडे नसतो. असतो. सावळ्या गालावरचा लाल रंग बघायला कोणी थांबत नाही, एवढंच." बरा होत नाही, पण ताब्यात राहतो. ताब्यात ठेवायला दोन रस्ते. एक, पोटात घ्यायची कॅप्सूल. दुसरा, दोन मलमं, एक सकाळी, दुसरं रात्री.

"दोन्ही द्या," मी म्हणालो. मला एप्रिलच्या आत चेहरा हवा होता.

"दोघांनी एकदम दार ढकललं तर उघडलं कोणी, हे कसं कळणार?"

"मला दार उघडल्याशी मतलब आहे, डॉक्टर."

"मला नाही," ते म्हणाले. असे ते होते. पेशंटच्या घाईशी त्यांचं कायमचं वाकडं.

त्यांच्या डोक्यात हा प्रश्न बरीच वर्षं घोळत होता, हे मला हळूहळू कळलं. कॅप्सूलनं पोट बिघडतं, ऊन जास्त बाधतं. मलमांचं तसं नाही, पण दोन्ही वेळा नेमानं लावणारा माणूस दुर्मीळ. मग दोन मलमं मिळून एका कॅप्सूलची बरोबरी करतात की नाही? अर्ध्या चेहऱ्यावर हे करून बघता येत नाही, कारण कॅप्सूल पोटात गेली की दोन्ही गालांना पोचते. त्याला दोन माणसं लागतात. एक ते स्वतः होतेच. दुसरा मी चालत गेलो.

"दोन माणसांवरून काय सिद्ध होणार?" मी इतिहासाचा मास्तर असल्यामुळे विचारलं.

"काही नाही. पण एकावरून त्याहून कमी."

मला कॅप्सूल, त्यांना मलमं. बारा आठवडे. एका वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी नियम लिहिले: दहा ते चार उन्हात जायचं नाही, मला शाळेसाठी छत्रीची सवलत, गरम आणि तिखट वर्ज्य, तिसरं कुठलंही औषध लावायचं नाही. नियम मोडणारा रुग्ण बाद. आणि दर रविवारी सकाळी दहाला खिडकीत शेजारी शेजारी बसायचं.

आता चेहऱ्याचा लालपणा मोजणार कोण? इथं आले रंगारी चाचा. त्यांचं दुकान समोरच. साड्या, ब्लाऊजपीस, फेटे रंगवायचं काम त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं, पेशव्यांच्या आधीपासून आपण इथं आहोत असं चाचा सांगत. डॉक्टरांनी त्यांच्याकडून कापडाच्या पाच पट्ट्या रंगवून घेतल्या होत्या, फिक्याकडून गडदाकडे: मोतिया, अबोली, गुलबक्षी, कुंकवी, डाळिंबी. चाचा यायचे, पट्ट्या एकेक करून आमच्या गालांना लावायचे, डोळे बारीक करायचे. कोण काय औषध घेतोय, हे त्यांना सांगायचं नाही असं ठरलं होतं, आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. त्यांच्या लेखी आम्ही दोन कापडं होतो.

"डॉक्टर कुंकवी. मास्तर डाळिंबी, काठाला थोडे ठिपके."

डॉक्टर ते वहीत जसंच्या तसं लिहीत. काठाला ठिपके, हेसुद्धा.

ते रविवार मला आजही फार आठवतात. पुण्यात माझं कुणी नव्हतं. आठवडाभर लोक माझ्या चेहऱ्याकडे बघून नजर वळवत, आणि रविवारी दोन म्हातारे तो चेहरा इतक्या आस्थेनं बघत, की मला आपण कुणीतरी महत्त्वाचे असल्यासारखं वाटे. माप झालं की गार चहा. मग डॉक्टर आणि चाचा यांचं भांडण. अबोली आणि मोतिया यांच्यामधे आणखी एक पट्टी हवी, असं डॉक्टरांचं म्हणणं. "तो रंगच नाही, डॉक्टर. तुम्हाला दिसतो कारण तुम्हाला हवाय," हे चाचांचं. हे भांडण कधी मिटलं नाही आणि मिटावं असं दोघांनाही वाटत नव्हतं.

आठव्या रविवारी डॉक्टर गुलबक्षीवर आले होते. मीही गुलबक्षी. वर्षानुवर्षं ज्यांचं नाक पेटलेलं होतं त्या माणसाला चाचांनी "गुलबक्षी, आणि साफ" म्हटलं, तेव्हा त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "बारा आठवडे झाले, की हे मी पुण्यातल्या त्वचारोगाच्या डॉक्टरांच्या बैठकीत मांडणार." त्या बैठकीला ते राजीनामा दिल्यापासून गेले नव्हते. दोन माणसं आणि पाच चिंध्या घेऊन तिथं जायची त्यांची तयारी चालली होती. भाषण ते आम्हाला वाचून दाखवत, आणि चाचा 'मुद्द्यावर या' म्हणत.

पण मला गुलबक्षी परवडणार नव्हता. संस्थेचे सचिव शाळा बघायला येणार, कायम करायच्या मास्तरांना वर्गावर उभं राहून बघणार, अशी कुणकुण लागली. मी शाळेजवळच्या औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि चिठ्ठीबिठ्ठी न मागता एक ट्यूब पुढे केली. "रात्री लावा. लाल-बिल सगळं जातं." स्टेरॉइड म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण हे तिसरं औषध आहे, हे मला चांगलं माहीत होतं. मी ते लावलं.

तिसऱ्या दिवशी मी माणसांत आलो. नवव्या रविवारी चाचांनी अबोलीची पट्टी गालाला लावली, काढली, पुन्हा लावली. "अबोली," ते म्हणाले. मग हळूच, "मास्तर, इतक्या भराभर रंग उतरला तर मी गिऱ्हाइकाला विचारतो, धुतलं कशानं?"

मी हसलो. डॉक्टरांचं लक्षच नव्हतं. ते वहीत लिहीत होते. "कॅप्सूल," ते म्हणाले. "माझी मलमं हरली, चाचा." चाचांना कोण काय घेतंय हे कळता कामा नये, हा स्वतःचा नियम ते आनंदाच्या भरात विसरले. दहाव्या रविवारी मी मोतियावर होतो. सचिव येऊन गेले, मला "छान" म्हणून गेले. माझं काम झालं होतं. ट्यूबमधलं मलम तेवढं चालू होतं, कारण एक दिवस लावलं नाही तर गाल चुरचुरत.

अकराव्या रविवारी माप संपत आलं असताना एक बाई आत आल्या. हडपसरच्या पुढं त्यांची शेती होती, सकाळी मंडईत माल टाकून आल्या होत्या. आमचाच आजार असलेल्या, डॉक्टरांच्या जुन्या पेशंट त्या. उन्हात काम करणाऱ्या बाईला मलमंच बरी, असं म्हणून डॉक्टरांनी त्यांना वर्षभर मलमांवर ठेवलं होतं. माझा अबोली बघितल्यावर डॉक्टरांनी दोन आठवड्यांपूर्वी बाईंची मलमं बंद करून कॅप्सूल सुरू केली होती. हे मला त्या दिवशी कळलं.

"डागदर, मलम बरं व्हतं बगा," बाई म्हणाल्या. "ह्या गोळीनं पोटात आग पडती. अन्न जाईना झालंय. आन उन्हात गेलं की गाल भाजत्यात."

डॉक्टर त्यांच्याशी फार मऊ आवाजात बोलले. "थोडा धीर धरा. हे मास्तर बघा. यांचा चेहरा तुमच्यापेक्षा वाईट होता. हीच कॅप्सूल घेतात."

बाईंनी माझ्याकडे निरखून बघितलं. "मास्तरांचं झ्याक हाय," त्या म्हणाल्या. "मग काडते म्या कळ." आणि पिशवी उचलून निघाल्या.

त्या बोळाच्या टोकाला पोचल्या असतील, तेव्हा मी म्हणालो, "डॉक्टर, त्यांना परत बोलवा. मी दुसरं लावतोय."

त्यांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि चाचांना म्हणाले, "जरा पळता का?" चाचा त्या वयात खरोखर पळाले. बाई परत आल्या, डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केली, मलमं पुन्हा लिहून दिली, आणि "चूक माझी होती," एवढं सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. त्या गेल्यावर हात पुढे केला. मी खोलीवर जाऊन ट्यूब आणून दिली. भिंग लावून त्यांनी तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली.

"किती दिवस?"

"वीस-एकवीस."

"का, हे विचारत नाही. मला माहीत आहे." ते ट्यूब कचऱ्यात टाकून आले. "आता हे बंद केलं की चेहरा सूड घेईल. आधी होता त्याहून वाईट होईल, काही आठवडे राहील. रोज दाखवायला यायचं. पळायचं नाही."

"आणि बैठक?"

"तुम्ही बाद. मी आहे अजून. एका चेहऱ्याचं तरी बोलता येईल." मग चाचांकडे वळून म्हणाले, "मलमं हरली नव्हती बरं का." ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

चेहऱ्यानं खरंच सूड घेतला. बुधवारपर्यंत गाल सुजले, पुटकुळ्या पिकल्या, डोळ्यांखाली आग. गुरुवारी मुख्याध्यापकांनी माझ्याकडून काही वाचून घेतलं नाही. सरळ चिठ्ठी दिली: शुक्रवारी दुपारी एक वाजता सचिवांसमोर हजर राहावे. ती चिठ्ठी मी संध्याकाळी डॉक्टरांना दाखवली. त्यांनी वाचली, परत दिली, आणि माझ्या गालाला थंड पाण्याची घडी लावायला सांगितलं. बाकी काही नाही.

शुक्रवारी मी मुख्याध्यापकांच्या खोलीत उभा होतो. सचिव बसले होते. मी आजाराचं नाव सांगितलं, ते दोघांनीही कधी ऐकलं नव्हतं. सचिव म्हणाले, "अहो, पंधरा दिवसांपूर्वी मी आपल्याला पाहिलं, तेव्हा चेहरा स्वच्छ होता. आजार असा येतो आणि जातो?" याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते आणखीच खोटं वाटलं असतं. तेवढ्यात दार ढकलून डॉक्टर आत आले.

मार्चअखेरचं ऊन, दुपारचा एक. आमची शाळा नदीपलीकडे, कसब्यातून पायी अर्धा तास. छत्री नव्हती. डोक्यावर टोपी नव्हती. घाम निथळत होता आणि चेहरा असा पेटला होता की डाळिंबीच्या पुढची पट्टी चाचांनी कधी रंगवलीच नव्हती. मुख्याध्यापक घाबरून उभे राहिले. "अहो, बसा, बसा. पाणी आणा रे."

"पाणी नंतर. मी यांचा डॉक्टर. आपण यांच्या तोंडाचा वास घेता असं कळलं. आता माझा घ्या."

"अहो, काहीतरीच काय..."

"माझा चेहरा यांच्यापेक्षा लाल आहे. म्हणजे मी जास्त प्यालेलो असणार. घ्या."

ते टेबलावरून पुढे वाकले आणि मुख्याध्यापकांच्या नाकासमोर तोंड नेऊन शांतपणे आपलं शिक्षण, आपल्या पदव्या आणि कसब्यातला पत्ता सांगू लागले. मुख्याध्यापकांना मागे सरकायला जागा नव्हती, मागे नकाशांचं कपाट होतं. सचिवांनी विचारलं, "कसला येतोय?"

"कसलाच नाही," मुख्याध्यापक पुटपुटले.

"लिहून द्या," डॉक्टर म्हणाले. "कसलाच नाही, एवढेच दोन शब्द." मग सचिवांना त्यांनी आजार समजावला, दुकानातल्या ट्यूबनं चेहरा कसा उजळतो आणि सोडल्यावर कसा भडकतो तेही, आणि या मास्तरानं ती का लावली असेल, हे विचारलं. पुढे जूनमध्ये मला कायम केल्याचं पत्र आलं.

बाहेर पडल्यावर मी त्यांना भिंतीच्या सावलीत ओढलं. "डॉक्टर, रिक्षानं का नाही आलात?"

"रिक्षाला टप असतो," ते म्हणाले.

परत मात्र मी त्यांना रिक्षातच घातलं. रविवारी चाचा पट्ट्या घेऊन आले आणि तशाच घेऊन परत गेले. डॉक्टरांचा चेहरा निवायला दीड महिना लागला, आणि बैठकीला ते गेले नाहीत, त्या वर्षी नाही की नंतरही नाही. 'पुन्हा करू, बारा आठवडे, मी शपथेवर काही लावणार नाही,' असं मी दोन-तीनदा म्हणून बघितलं. "तुमचे आता सुट्टीचे दिवस," म्हणून त्यांनी टाळलं. मग माझी खोली बदलली, लग्न झालं, आणि जाणं कमी होत गेलं. कमी होऊ द्यायला नको होतं.

ते गेल्यावर चाचांनी मला बोलावून ती वही दिली. "तुमचं नाव आहे हिच्यात, तुम्ही ठेवा." कॅप्सूल बरी की दोन मलमं, हे तिच्यातून काही कळत नाही. अकरा रविवार ओळीनं लिहिलेले आहेत, काठाच्या ठिपक्यांसकट. बाराव्या रविवारच्या पुढं त्यांच्या तिरप्या अक्षरात दोनच ओळी आहेत.

'रुग्ण एक: बाद. कारण: मास्तरांची नोकरी.

रुग्ण दोन: बाद. कारण: तेच.'